शरीरातले बीटा-कॅरोटिन आणि बाटलीतले बीटा-कॅरोटिन

दादरच्या मंडईतून लाल माठाची जुडी, तांबडा भोपळा आणि गाजरे घेऊन निघालेल्या माणसाला औषधांच्या दुकानात बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिसल्या, तर निवडण्या-चिरण्याचा खटाटोप टाळून तेच द्रव्य थेट घ्यावे, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. द्रव्य तेच असते, हे खरे. परंतु ज्या निरीक्षणामुळे त्याची कर्करोगप्रतिबंधक म्हणून ख्याती झाली, ते निरीक्षण गोळीविषयी नव्हतेच.

ज्यांच्या रक्तात कॅरोटिनॉइडची, म्हणजे बीटा-कॅरोटिनसारख्या भाजी-फळांना पिवळा-तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यांची, पातळी अधिक असते, त्यांच्यात फुप्फुसाचा आणि आणखी काही कर्करोग कमी आढळतात, एवढेच त्या निरीक्षणात होते. आता ही पातळी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. आपले शरीर कॅरोटिनॉइड तयार करत नाही, त्यामुळे पातळी भाजी-फळांवर अवलंबून असतेच. पण भाजी कच्ची खाल्ली की तेलाच्या फोडणीत शिजवून, यावरही ते किती शोषले जाईल हे ठरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात पातळी कमी असते. स्थूल व्यक्तींच्या रक्तातही ती कमी भरते, कारण ही द्रव्ये मेदात विरघळतात आणि शरीरातला त्यांचा बहुतांश साठा चरबीतच असतो. म्हणून रक्ताचा आकडा अलीकडच्या काही आठवड्यांचा आहार सांगतो, तर चरबीतला साठा त्याहून बऱ्याच जुन्या काळाचा. थोडक्यात, पातळी ही माणसाच्या राहणीची खूण आहे, आणि खूण बदलल्याने राहणी बदलत नाही.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत हा फरक फार स्पष्ट दिसला. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. मात्र ज्यांच्या रक्तात आरंभीच त्याची पातळी अधिक होती, त्यांचा धोका कमी होता. एकाच चाचणीत पातळी आणि गोळी यांनी अशी परस्परविरुद्ध साक्ष दिली. वीस मिलिग्रॅम म्हणजे सुमारे चार मध्यम गाजरांतले बीटा-कॅरोटिन, हे ऐकून आपण निर्धास्त होतो. पण गाजरातले द्रव्य पेशींच्या आवरणात अडकलेले असल्याने त्याचा थोडाच भाग शोषला जातो, तर गोळीने त्या पुरुषांच्या रक्तातील पातळी दहापटीहून अधिक वाढली होती. अमेरिकेतील धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले अशा १८,३१४ जणांवरची चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. तिथे बीटा-कॅरोटिनसोबत जीवनसत्त्व अ दिले होते आणि फुप्फुसाच्या कर्करोगातली वाढ २८ टक्के होती. बहुतांशी धूम्रपान न करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या चाचणीत लाभ दिसला नाही, आणि हानीही नाही.

धूम्रपानाच्या ऑक्सिडीकारक (ऑक्सिजनशी संयोग घडवून द्रव्ये मोडणाऱ्या) वातावरणात बीटा-कॅरोटिनचे विघटन होऊन घातक घटक तयार होत असावेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. विडी-सिगारेट सोडल्याने ही चिंता लगेच मिटते असेही नाही. दृष्टिपटलाच्या आजारासाठीच्या गोळ्यांवरील २०१३ च्या एका चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग अधिक निघाला आणि त्यांतले बहुतेक पूर्वी धूम्रपान केलेले होते. तेव्हापासून अशा गोळ्यांत त्याच्या जागी ल्युटीन आणि झिअॅक्सँथिन ही दुसरी कॅरोटिनॉइड सुचवली जातात.