‘ड’ जीवनसत्त्व: २० की ३०?

कोविडच्या काळात ‘क’ आणि झिंकच्या गोळ्यांबरोबर ‘ड’ची ६०,००० युनिटची आठवड्याची पुडीही घराघरांत पोचली. प्रतिकारशक्तीशी ‘ड’चं नातं मात्र जुनं. एकोणिसाव्या शतकात क्षयाच्या रुग्णांना ‘ड’ने भरलेलं कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत, आणि त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचाराला १९०३ चं नोबेल मिळालं. पुढे प्रतिजैविकं आली आणि हा धागा सुटला.

१९८० च्या दशकात पांढऱ्या पेशींमध्ये ‘ड’चे रिसेप्टर, म्हणजे ‘ड’ला ओळखून पकडणारी प्रथिनं, सापडली. २००६ मध्ये पुढचा दुवा जुळला: क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी पांढरी पेशी रक्तातलं ‘ड’ स्वतःच सक्रिय करून घेते आणि कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवते. त्याच वेळी टी-पेशींनी (याही पांढऱ्या पेशीच) पेटवलेल्या दाहाला, म्हणजे आतल्या सुजेला, ‘ड’ लगाम घालतं. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ हे जाहिरातीतलं वाक्य अर्धवटच.

खरा घोळ आकड्याचा. २०१० च्या अखेरीस अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, हाडांसाठी रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरे. प्रतिकारशक्तीबद्दल ठोस पुरावा नाही. वर्षभरातच तिथल्या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने वेगळी रेघ ओढली: २० च्या खाली कमतरता, ३० पर्यंत अपुरं, त्यापुढे ठीक. प्रयोगशाळांनी हा दुसरा आकडा उचलला. मुळात २० हाही किमान आकडा नव्हता. ती ९७.५ टक्के लोकांची गरज भागवणारी पातळी. सरासरी गरज १६ धरली होती. म्हणजे १८ असलेला माणूस आजारी ठरतोच असं नाही. पण ‘शिफारस’ आणि ‘कमतरता’ या शब्दांची गल्लत झाली, वर ३० ची भर पडली, आणि धडधाकट माणसं कागदावर रुग्ण झाली. समितीचं म्हणणं मला तरी जास्त पटतं.

याचा फटका संशोधनालाही बसला. ज्यांना फारसं कमी नव्हतंच अशांना ‘ड’ देऊन चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये २५ चाचण्यांतल्या सुमारे ११,००० लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा श्वसनसंसर्गातला ठळक फायदा १० च्या खाली असलेल्यांत दिसला, तोही रोज किंवा आठवड्याला डोस घेणाऱ्यांत. एकदम मोठा डोस वाया गेला. चाचण्यांची भर पडत गेली तसा हा फायदाही पुसट झाला. मंगोलियात उलानबातरच्या जवळपास ९,००० शाळकरी मुलांपैकी बहुतेकांची पातळी २० च्या खाली होती. तीन वर्षं दर आठवड्याला ‘ड’ देऊनही क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही.

दाहाचं कोडं आणखी वेगळं. सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) चढलेल्यांत ‘ड’ कमी सापडतं, पण दाहामुळेच ते रक्तात घटतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांतच ही घसरण दिसते. आधी कोंबडी की अंडं? दुसरीकडे २०२२ मध्ये सुमारे २६,००० अमेरिकनांच्या चाचणीत पाच वर्षं रोज २,००० युनिट घेणाऱ्यांत संधिवातासारखे स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) २२ टक्के कमी आढळले, आणि हे लोक कमतरता पाहून निवडलेले नव्हते.

२०२४ मध्ये हार्मोनतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने ३० ची रेघ मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी सरसकट तपासणी करू नये असं सांगितलं. आपल्याकडच्या रिपोर्टांवर मात्र ३० अजून सर्रास छापलेला दिसतो.