ऊन : लाभ आणि अपाय (नागपूर)

ऊन म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचणारा सूर्यप्रकाश आणि त्याच्यासोबत येणारी उष्णता. ते अंगावर घेतल्याने शरीराला काय मिळते आणि काय बिघडते, याचा विचार या नोंदीत नागपूरच्या संदर्भाने केला आहे. मराठीत हिवाळ्यात ऊन खातात आणि उन्हाळ्यात ऊन लागते. डिसेंबरात गच्चीवर बाज टाकून, पाठ उन्हाकडे करून संत्री सोलत बसणारा आणि मे महिन्यात ‘बाप्पा, काय ऊन तापून राहिलं!’ म्हणत कानाला दुपट्टा घट्ट गुंडाळणारा माणूस एकच असतो. दोन्ही वेळी तो ऊन अंगाला जाणवणाऱ्या तापावरून जोखतो. बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात, कारण उन्हातला जो भाग हाडांना उपयोगी पडतो आणि कातडीला इजा करतो, तो अंगाला जाणवतच नाही.

हा भाग म्हणजे अतिनील किरण. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन गट आहेत. अतिनील-ब (तरंगलांबी सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर) त्वचेत ड जीवनसत्त्व घडवतात आणि त्वचा भाजतातही. अतिनील-अ (३१५ ते ४०० नॅनोमीटर) त्वचेत अधिक खोल जातात, तिला काळवंडवतात आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने सुरकुत्या आणतात. सूर्य तिरपा असला की किरणांना वातावरणातून लांबचा रस्ता कापावा लागतो आणि ओझोनचा थर अतिनील-ब किरण जवळजवळ सगळे शोषून घेतो. सूर्य वर चढला की हा रस्ता आखूड होतो. म्हणून थर्मामीटर काय दाखवतो यापेक्षा सूर्य किती उंच आहे, याला इथे जास्त महत्त्व आहे.

सावलीचे माप

सूर्याची उंची कळायला उपकरण लागत नाही. सपाट जागी उभे राहून आपली सावली पाहावी. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली आपल्या उंचीएवढी पडते. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील-ब किरण भरपूर आहेत असे धरावे, आणि उंचीपेक्षा बरीच लांब असेल तर ते क्षीण आहेत असे समजावे.

नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा शहराच्या अगदी डोक्यावर येतो. एकदा २६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. २६ मे रोजी दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायथ्यातच लपते. हाच शून्य सावलीचा दिवस. पंचांगाप्रमाणे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस, लागतो. म्हणजे आजीच्या नवतपात आणि खगोलाच्या गणितात नागपुरापुरते एका दिवसाचेच अंतर पडते.

हिवाळ्याचा हिशोब त्याहून उपयोगाचा आहे. २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही, नागपुरात भर मध्यान्ही सूर्य ४५ अंशांच्या किंचित वर असतो आणि सावली जेमतेम उंचीएवढी पडते. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्याचे काही महिने असे जातात की कितीही वेळ उन्हात बसले तरी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. नागपूरला असा एकही महिना नाही. आता मे महिन्याकडे पाहिले तर सूर्य त्याच ४५ अंशांवर सकाळी नवाच्या सुमारासच येतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास पुन्हा त्याखाली उतरतो. डिसेंबरात बारा वाजता मिळणारे किरण मे महिन्यात ऑफिसला निघतानाच अंगावर पडू लागतात.

किरणांचा कळस आणि तापाचा कळस एका वेळी येत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. किरण मध्यान्ही सर्वांत तीव्र असतात, तर हवा तीन-चारच्या सुमारास सर्वांत तापलेली असते. चार वाजता त्वचेला असलेला धोका ओसरू लागतो, पण उष्माघाताचा धोका पुरता कायम असतो. उलट फेब्रुवारीच्या सुखद दुपारी ताप नसतो, म्हणून कोणी सावध राहत नाही, आणि किरण तर पुरेसे तीव्र असतात.

हाडांसाठी

त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपावर अतिनील-ब किरण पडले की त्यापासून ड जीवनसत्त्व बनू लागते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाचे रूप घेते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. ते कमी पडले की लहान मुलांना मुडदूस होतो आणि मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखू लागतात. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात ठेवून बरे केले आणि उन्हाचा हाडांशी असलेला संबंध पक्का झाला.

उन्हाने हे जीवनसत्त्व विषारी प्रमाणात कधी साठत नाही. थोड्या वेळाने तयार झालेले पूर्वरूपच प्रकाशाने निरुपयोगी पदार्थांत बदलू लागते. म्हणूनच तासन्‌तास उन्हात राहिल्याने जास्तीचे काही पदरात पडत नाही, वाढते ती फक्त इजा. गोळ्यांचे तसे नाही. डॉक्टरांना न विचारता आठवड्याची गोळी रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य म्हणजे अंगचेच छत्र आहे. ते इजा कमी करते, पण तेवढेच जीवनसत्त्व मिळवायला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ उन्हात राहावे लागते. त्यामुळे परदेशी पुस्तकांतली मिनिटांची कोष्टके आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० आंतरराष्ट्रीय एकके सांगितली आहे. अंड्याचा पिवळा बलक आणि तेलकट मासे सोडले तर ते आपल्या जेवणात फारसे नसते. वरण-भात, भाकरी, भाजी खाणाऱ्या घरात उन्हाला खरा पर्याय म्हणजे जीवनसत्त्व घातलेले दूध किंवा गोळी.

एवढे ऊन असलेल्या शहरात ही कमतरता कशी, असा प्रश्न दवाखान्यात हमखास विचारला जातो. उत्तर दिनक्रमात आहे. सकाळी दुचाकीवरून निघालेल्या मुलीच्या चेहऱ्याला स्टोल गुंडाळलेला असतो, अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंतचे मोजे, डोळ्यांवर गॉगल. ती पार्किंगमधून लिफ्टने वर जाते आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत येते. खिडकीतून टेबलावर येणाऱ्या उन्हाने तिचे काम भागत नाही, कारण साधी काच अतिनील-ब किरण अडवते. अतिनील-अ बरेचसे आत येतात. म्हणजे काचेआडच्या उन्हातून हाडांना काही मिळत नाही, गालावरचे वांग मात्र गडद होऊ शकतात. तिचा स्टोल सोडायला सांगणे हे यावरचे उत्तर नव्हे, मे महिन्यात तो तिचे रक्षणच करतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली दुपारच्या डब्याची सुट्टी बाहेर, बाह्या कोपरापर्यंत दुमडून घालवणे तिला जास्त फळेल.

कोवळे ऊन

तेलाने माखलेले बाळ पायांवर घेऊन कोवळ्या उन्हात बसलेली आजी अजूनही दिसते. या उन्हाची कीर्ती मोठी आहे, पण ती थोडी तपासून घ्यायला हवी. सूर्योदयानंतरच्या तासाभरात अतिनील-ब किरण इतके कमी असतात की ड जीवनसत्त्व नावापुरतेच बनते. बाळाची कातडी नाजूक असते, म्हणून जास्त तीव्र उन्हात नेणेही बरोबर नाही. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

बाळाच्या काविळीचे आणखी वेगळे आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात ठेवलेल्या बाळांचा पिवळेपणा उघड्या भागावर कमी होतो. त्यातून आजचा निळ्या प्रकाशाचा उपचार आला. म्हणजे आजीच्या समजुतीत तथ्य आहे. पण कावीळ वाढत असेल तर उन्हाच्या भरवशावर घरी थांबणे धोक्याचे आहे. बिलिरुबिन (काविळीत रक्तात साठणारा पिवळा पदार्थ) फार चढले तर मेंदूला कायमची इजा होते. बाळ पिवळे आणि सुस्त दिसले, दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोवळ्या उन्हाचे मोठ्यांना होणारे लाभ डोळ्यांवाटे मिळतात. सकाळचा प्रकाश शरीराचे घड्याळ जुळवतो आणि रात्री झोप वेळेवर येते. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर पहाटे फिरणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असते. मुलांच्या बाबतीत मोकळ्यावरचा उजेड लघुदृष्टी सुरू होण्याला आळा घालतो आणि त्यासाठी झाडाची सावलीही चालते. खोलीतल्या दिव्यांपेक्षा तिथला उजेड कितीतरी पट जास्त असतो. नागपूरच्या शाळांना याचा चांगला उपयोग करता येईल, कारण सावलीतला खेळाचा तास मार्चातही शक्य आहे.

त्वचा आणि डोळे

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्यकिरणांना माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. सावळ्या त्वचेच्या लोकांत त्वचेचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. तळपाय, तळहात किंवा नखाखाली होणारा काळा कर्करोग उन्हाशी फारसा निगडित नसतो, म्हणून तिथला वाढता काळा डाग ‘आपण तर उन्हात जातच नाही’ म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे जास्त दिसतात ते वांग, उन्हाने उठणारे खाजरे पुरळ आणि डोळ्यांचे विकार. मोतीबिंदूच्या कारणांत ऊन एक आहे. बुबुळावर मांस वाढण्याचा आजार उन्हात-धुळीत राबणाऱ्यांत अधिक दिसतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते.

अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ किंवा त्याहून जास्त झाला की काळजी घ्यावी आणि ११ पासून पुढे तो अत्यंत तीव्र, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नागपुरात मेच्या निरभ्र दुपारी तो ११ च्या पुढे जातो. दाट विणीचे कापड, रुंद काठाची टोपी आणि सावली यांची बरोबरी ऊन अडवणारे मलम (सनस्क्रीन) करू शकत नाही. मलम लावायचेच तर ते भरपूर आणि दर दोन तासांनी लावावे लागते.

लू

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हा आकडा हवेशीर पांढऱ्या पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. उघड्या डांबरावर उभ्या माणसाला वरून सूर्य आणि खालून रस्ता असे दोन्हीकडून भाजते. शरीर घाम वाळवून थंड राहते. हवा त्वचेपेक्षा तापली की वारा उष्णता नेण्याऐवजी आणून ओततो आणि घाम हा एकच मार्ग उरतो. कोरड्या लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्यात, घाम फुटताक्षणी वाळतो, शर्ट कोरडाच राहतो आणि किती पाणी गेले ते माणसाला कळत नाही. घराघरातला कूलरही याच तत्त्वावर चालतो. मे महिन्यात वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून गारवा येतो आणि जूनच्या दमट हवेत तोच कूलर नुसती चिकचिक करतो. कूलर निकामी झाला की आपला घामही निकामी होत आहे, हे ओळखावे. मृगाच्या आधीचे ते दिवस आकडा उतरलेला असला तरी फसवे असतात.

कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक, क्षारसंजीवनी (ओआरएस) यांनी पाणी आणि मीठ भरून निघते. खिशातल्या कांद्याने ताप उतरत नाही. तो ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर भर दुपारी निघू नये. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात होय. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा आणि १०८ ला फोन लावावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. राबताना कोसळलेल्या माणसाचे अंग घामाने ओले असू शकते.

लाभ-अपायाचे हे सगळे मोजमाप वेळ निवडता येणाऱ्यांसाठी आहे. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा हमाल, चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर घमेली पोहोचवणारी बाई, दारोदार पार्सल देणारा मुलगा यांना ड जीवनसत्त्वासाठी लागेल तेवढे ऊन दहापर्यंतच मिळून जाते. त्यानंतरचे सगळे ऊन त्यांच्या अंगावर नुसता बोजा असते. उन्हाळ्यात सिग्नलपाशी हिरवी जाळी बांधतात, ती थांबलेल्या वाहनाला मिनिटभर सावली देते. स्लॅबवरच्या बाईसाठी काम पहाटे पाचला सुरू करून अकराला थांबवावे लागते, दुपारच्या खाड्याचे पैसे न कापता.