चेरी (परसातली)

गोव्यात परसात 'चेरी' म्हणून जे झाड असतं ते गोड चेरीचं नव्हे. गोड चेरी म्हणजे प्रुनस एव्हियम, गुलाबाच्या कुळातली; हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी लागली तरच तिला नीट फुलं येतात, म्हणून ती काश्मीर-हिमाचलात होते. पणजीत जानेवारीतसुद्धा पारा १५ अंशांच्या खाली सहसा जात नाही, तेव्हा ऑनलाइन रोप मागवलंच तर पानं बघायची, फळाची आशा धरायची नाही. (केकवरची चेरी तर बरेचदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं, तो विषयच वेगळा.)

इथली चेरी म्हणजे सुरिनाम चेरी, पोर्तुगीजमध्ये पितांगा, शास्त्रीय नाव यूजेनिया युनिफ्लोरा. कूळ जांभळाचं आणि पेरूचं. फळ छोट्या भोपळ्यासारखं, बहुधा ७ ते १० कंगोऱ्यांचं, हिरव्याचं केशरी मग लाल, काही झाडांवर पार काळपट. बार्बाडोस चेरी वेगळी, तिला असे खोल कंगोरे नसतात.

मूळ कुठलं यावर जुना घोळ आहे आणि त्यात गोवा मध्यभागी आहे. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेलीनं १७२९ साली यूजेनिया ही प्रजाती सॅव्हॉयच्या प्रिन्स यूजीनच्या नावावरून मांडली, १७५३ साली स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं आजचं नाव पक्कं केलं. या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन इटलीतल्या पीसाच्या एका बागेतल्या झाडावरून झालं, आणि ते झाड गोव्याहून गेलं होतं असं मानतात. त्यामुळे झाड मुळात भारतातलंच असा समज होणं साहजिक होतं. पण ते रानात आपोआप वाढतं ते सुरिनामपासून दक्षिण ब्राझील, उरुग्वेपर्यंत, आणि पितांगा हा शब्दच तिथल्या तुपी भाषेतला, अर्थ लाल. तेव्हा ब्राझीलचं मत जास्त पटतं. काजूबरोबर १६व्या शतकात आलं असं सरसकट म्हणतात, पण पीसाची गोष्ट खरी धरली तर १५१० (पोर्तुगीजांनी गोवा घेतला ते साल) ते १७२९ च्या मध्ये कधीतरी, एवढंच म्हणणं बरं. म्हणजे आलं ब्राझीलहून, आणि युरोपच्या शास्त्राला भेटलं बहुधा गोव्याचं म्हणून.

लावणीचं फार काही नाही. बी ताजीच लावायची, महिन्याभरात तिचा जीव जातो. रुजायला तीन-चार आठवडे. जांभ्याच्या जमिनीत खड्ड्यात शेणखत घालून पावसाच्या सुरुवातीला लावा, फक्त पाणी तुंबणारी जागा नको. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आळ्यात पाणी, पुढे झाड चिवट होतं. फळ कोणाकडे दोन वर्षांत, कोणाकडे पाच वर्षं वाट बघूनही नाही, बियांच्या रोपांचं तसंच. चांगल्या गोड झाडाची गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) मिळाली तर सोडू नये. कुंपण म्हणून सारखं छाटत राहिलात तर कुंपण छान दिसेल, फळं मोजकीच.

फुलापासून तीनेक आठवड्यांत फळ तयार होतं. हात लावताच सुटेल तेव्हाच काढायचं, नाहीतर राळेसारखी उग्र चव येते आणि लोक झाडाला नावं ठेवतात. बिया काढून, साखर भुरभुरून दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवलं की तो उग्रपणा बराच जातो. बी खाऊ नये.