ईलची पिल्लं: चढउतारामागचा इतिहास

युरोपातल्या नद्या-ओढ्यांत ईल या सापासारख्या लांबट माशाची पिल्लं साधारण वसंतात शिरतात. यंदा किती येतील हे मात्र आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. मुळात ती येतात कुठून, हेच कितीतरी शतकं कोडं होतं. ॲरिस्टॉटल तर म्हणायचा की ईल चिखलातून उपजतात! १८९६ साली इटलीत ग्रासी आणि कालान्द्रुचो या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की वेगळी जात समजली जाणारी पानासारखी चपटी अळी म्हणजे ईलचंच बाळरूप. मग डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी लहानात लहान अळ्यांचा माग काढत १९२०च्या दशकात ईलचं जन्मस्थान म्हणून अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्राकडे बोट दाखवलं.

किनारा जवळ आला की अळीचं रूप पालटतं. जेमतेम सात सेंटिमीटरचं, आरपार दिसणारं पिल्लू. ठळक दिसतात ते डोळ्यांचे दोन काळे ठिपके. रात्री भरती लागली की ते वर येऊन पाण्याबरोबर आत सरकतं, ओहोटीला तळाशी दडतं. नदीचं पाणी थंडगार असेल तर खाडीतच अडून बसतं. म्हणजे थंडी लांबली, नदीला लोंढा आला किंवा लख्ख चांदणं पडलं, की एकाच ओढ्यातली आवक बदलते.

नेदरलँड्समध्ये डेन ऊव्हर गावाजवळ समुद्राच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दारांपाशी १९३८ पासून जाळं टाकून ही पिल्लं मोजली जातात. अशा जुन्या नोंदींचं मोल १९८० नंतर कळलं. आवक वर्षामागून वर्षं घसरत गेली. उत्तर समुद्राच्या बाजूला ती १९६०-७९च्या सरासरीच्या एक टक्क्याच्या आसपास आली. माझ्या मते, घात केला तो चढउताराच्या सवयीनेच. एखादं वर्ष वाईट जायचंच, असं धरून चालल्यावर ओळीने वाईट वर्षं आली तरी धोका लवकर ध्यानात येत नाही. धरणं, बेसुमार मासेमारी, ईलला पाण्यात तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या हवेच्या पिशवीत राहणारा, पूर्व आशियातून आलेला परजीवी कृमी, समुद्रातले बदल अशी बरीच कारणं पुढे आली. कोणाचा वाटा किती, यावर एकमत नाही.

युरोपीय संघाने २००७ मध्ये नियम केला: माणसाचा हस्तक्षेप नसता तर जितके प्रौढ ईल अंडी घालायला समुद्राकडे परतले असते, त्यांच्या वजनाच्या निदान ४० टक्के तरी परतायला हवेत. पण ईल गोड्या पाण्यात कित्येकदा दहा-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काढतो. त्यामुळे आज उपाय केला तरी त्याचा परिणाम पिल्लांच्या आवकीत दिसायला एक पिढी जावी लागते.