टूर्नेचं काळं 'मार्बल' मार्बल नाहीच!

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चबद्दल कुठेही वाचा, 'टूर्ने मार्बलचं कुंड' हे शब्द येतातच, आणि दर वेळी मला दुरुस्ती करावीशी वाटते. बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायची ही कोरीव दगडी कुंडं, त्यातली काही बाराव्या शतकात आजच्या बेल्जियममधल्या टूर्ने गावाहून शेल्ट नदीतून आणि पुढे समुद्रातून आली. हॅम्पशायरमधल्या ईस्ट मीअन गावच्या चर्चमध्ये असंच एक आहे, त्याच्यावर अ‍ॅडम आणि ईव्हला बागेतून हाकललंय आणि देवदूत अ‍ॅडमला जमीन खणायला शिकवतोय, हे बघून मला फार बरं वाटतं.

पण दगड म्हणाल तर चुनखडी. शाळेत शिकलोय ना, चुनखडी जमिनीखाली तापून-दाबून नव्याने स्फटिकली की संगमरवर होतो आणि त्यात जीवाश्म सहसा उरत नाहीत. हा दगड तसा भाजलेलाच नाही, साधारण 35 कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला गाळ आहे.

मग चकाकतो कसा? आपल्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा आठवा, तीही काळी चुनखडीच. त्यावर लिंबू कापून तसंच ठेवलं की पांढुरका डाग पडतो, आपण म्हणतो रंग गेला, पण रंग कुठेच जात नाही. आम्लाने कॅल्साइट, म्हणजे चुनखडी ज्याची बनते ते खनिज, विरघळतं आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. उजेडाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, खड्डे त्याहून मोठे झाले की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि काळ्यावर पांढुरकी झाक येते. पॉलिशने उंचवटे त्या मापाच्या खूप खाली गेले की पृष्ठभागावरून जेमतेम पाचेक टक्के उजेड परततो, तोही आरशासारखा एकाच दिशेने, बाकीचा आत शिरतो आणि दगडातलं सेंद्रिय कार्बन तो गिळून टाकतं, म्हणून एवढा गर्द काळा. डागावर तेलाचा बोळा फिरवला की डाग दिसेनासा होतो तो ह्याच कारणाने, तेलाचा अपवर्तनांक (आत शिरताना उजेड किती वळतो त्याचं माप) साधारण 1.47, कॅल्साइटचा 1.49 ते 1.66, हवेचा 1. खड्डे हवेऐवजी तेलाने भरले की उजेडाला ते जवळपास दिसतच नाहीत!

लोकांना मात्र दगडापेक्षा पाण्यातच जादू दिसायची. मंतरलेलं पाणी चोरून करणीला वापरतात म्हणून 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला. जुन्या कुंडांच्या काठावर कडी उपटल्याच्या खुणा कुठे कुठे अजून आहेत. कुलपाने चोरी थांबली असेल, करणी खरी असते ही समजूत उलट घट्टच झाली असणार.

इंग्लंडमधल्याच डॉर्सेटचं 'पर्बेक मार्बल' हेही असंच फसवं नाव. तीही चुनखडीच, आणि तिच्या पॉलिश केलेल्या अंगावर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख गच्च भरलेले दिसतात, वाटोळे, आडवे कापलेले, साध्या डोळ्यांनी मोजता येतील असे.