वस्ती पोलीसकार्य
वस्ती पोलीसकार्य : ठरावीक पोलीस कर्मचाऱ्यांकडे एखादी लहान, आखीव वस्ती दीर्घकाळ सोपवून तेथील रहिवाशांच्या सहभागाने स्थानिक गुन्हे व उपद्रव कमी करण्याची पद्धत. ‘सामुदायिक पोलीसकार्य’ किंवा ‘कम्युनिटी पोलिसिंग’ या संज्ञा बहुधा याच अर्थाने वापरल्या जातात. भेद करायचाच झाला, तर सामुदायिक पोलीसकार्य हे धोरण आणि वस्ती पोलीसकार्य ही त्याची ठिकाणाशी बांधलेली अंमलबजावणी, असा करता येईल. पायी गस्त, रहिवाशांच्या बैठका, स्थानिक तक्रारींचा पाठपुरावा ही तिची परिचित अंगे होत.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. प्रचलित मांडणीनुसार लंडनचे महानगर पोलीस दल १८२९ मध्ये स्थापन करणारे ब्रिटिश गृहमंत्री सर रॉबर्ट पील यांनी नऊ तत्त्वे घालून दिली; त्यांपैकी ‘पोलीस हीच जनता आणि जनता हेच पोलीस’ या आशयाचे तत्त्व हे या पद्धतीचे बीज मानले जाते. प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ही तत्त्वे पील यांच्याच नावावर छापली जातात. तथापि त्या काळच्या कागदपत्रांत ती या रूपात आढळत नाहीत. ब्रिटिश गृहखात्याने २०१२ मध्ये पील यांच्याशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा नसल्याचे मान्य केले आणि ती बहुधा दलाचे पहिले आयुक्त चार्ल्स रोवन व रिचर्ड मेन यांनी रचली असावीत, असे म्हटले. अभ्यासक सुसन लेन्ट्झ व रॉबर्ट चेअर्स (२००७) यांचे मत याहून पुढे जाते : ही यादी विसाव्या शतकातील पाठ्यपुस्तककारांनी तयार केली. इतिहासकार चार्ल्स रीथ यांच्या १९४० च्या दशकातील लेखनात ती आजच्या रूपात दिसते, आणि काही अमेरिकी पाठ्यपुस्तकांत तर तत्त्वांची संख्या बारा आहे. उपलब्ध पुरावा पाहता लेन्ट्झ व चेअर्स यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

मूळ कल्पना शोधायची तर या तत्त्वांपेक्षा लंडनच्या दलाला दिलेल्या १८२९ च्या ‘सर्वसाधारण सूचना’ अधिक उपयोगी पडतात. गुन्ह्याचा प्रतिबंध हे दलाचे मुख्य उद्दिष्ट असल्याचे त्यांत आरंभीच सांगितले आहे. शिपायाने आपल्या बीटमधील (नेमून दिलेल्या गस्तीच्या भागातील) रस्ते, बोळ, चौक व घरे यांची पूर्ण माहिती करून घ्यावी, प्रत्येक घरातील माणसे पाहताच ओळखता यावीत इतका परिचय ठेवावा, आणि दहा-पंधरा मिनिटांत एकदा तरी बीटचा प्रत्येक भाग त्याच्या नजरेखालून जावा, अशी अपेक्षा होती. ताशी सुमारे अडीच मैल (४ किमी.) ही गस्तीची चाल पुढे रूढ झाली. परंतु ही ओळख एकतर्फी होती. शिपायाने रहिवाशांना ओळखायचे होते, रहिवाशांनी त्याला काही सांगावे वा विचारावे अशी योजना त्या सूचनांत नव्हती. रहिवाशांशी भागीदारी हा विचार बऱ्याच नंतरचा असून तो १८२९ शी जोडणे हा मागाहून केलेला संस्कार दिसतो.

विसाव्या शतकात मोटारगस्त, बिनतारी संदेश व दूरध्वनी यांमुळे पोलीस ‘बोलावल्यावर येणारे’ झाले. मोटारगस्तीच्या उपयुक्ततेविषयीच्या शंकेला १९७२-७३ मधील अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील प्रयोगाने आधार दिला. तेथे १५ बीटांचे तीन गट पाडले होते : एका गटातील नेहमीची मोटारगस्त बंद केली, दुसऱ्यात ती दुप्पट ते तिप्पट केली, तिसऱ्यात पूर्ववत ठेवली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही. रहिवाशांना तर बदल फारसा जाणवलाही नाही. त्यानंतर अमेरिकेतीलच नेवार्क येथील पायी गस्तीच्या प्रयोगात (१९७८-७९) गुन्हे घटले नाहीत, पण लोकांना गस्त जाणवली व भीती कमी झाली. गुन्हा व गुन्ह्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हे या विषयातील बऱ्याच वादांचे मूळ आहे.

इंग्लंडमध्ये डेव्हन व कॉर्नवॉलचे मुख्य पोलीस अधिकारी जॉन आल्डरसन यांनी १९७० च्या दशकात वस्ती पोलीसकार्याची पद्धत राबवली. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील १९८१ च्या दंगलीवरील लॉर्ड स्कारमन यांच्या अहवालाने पोलीस व स्थानिक लोक यांच्यात नियमित विचारविनिमयाचा आग्रह धरला. २००२ च्या कायद्याने, अटकेचे पूर्ण अधिकार नसलेले, गणवेशधारी समुदाय साहाय्यक अधिकारी अस्तित्वात आले.

जपानमधील ‘कोबान’ ही चौकी या चळवळीहून जुनी आहे. तिचा आरंभ साधारणतः १८७४ चा मानतात. दारावर लाल दिवा, आत वस्तीचा नकाशा, हरवलेल्या वस्तूंची नोंद व पत्ता विचारायला येणारे लोक, असे तिचे नित्याचे रूप. कोबानमधील पोलीस घरोघरी जाऊन कुटुंबातील व्यक्ती व आपत्कालीन संपर्क यांचे कार्ड भरून घेतो. ते भरणे ऐच्छिक असते. याकडे आपुलकी म्हणून पाहावे की पाळत म्हणून, याविषयी मतभेद आहेत. सिंगापूरने १९८३ मध्ये याच धर्तीवर वस्तीचौक्या सुरू केल्या. भारतात भिवंडी येथे १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली, त्याचे श्रेय बहुधा या समित्यांना दिले जाते. मात्र त्यांचा रोख जातीय तणावावर होता, चोरी-घरफोडीवर नव्हे.

पद्धतीचा तांत्रिक गाभा अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टाइन यांच्या १९७९ च्या समस्याकेंद्री मांडणीतून आला. एकेक तक्रार निकालात काढण्याऐवजी तक्रारींचा गुच्छ एकत्र पाहावा, असे त्यांचे म्हणणे. उदा., एकाच बोळात आठवड्यातून तीनदा सायकली चोरीला जात असतील, तर तीन गुन्हे नोंदवून थांबता येत नाही. चोरी कोणत्या वेळी होते, सायकली कशाला बांधतात, दिवा कधीपासून बंद आहे, हे रहिवाशांकडूनच कळते आणि उपायही पुष्कळदा नगरपालिकेच्या हातात असतो. बैठकीत मात्र रहिवासी सहसा घरफोडीआधी वाहनांच्या बेशिस्तीची व रात्रीच्या गोंगाटाची तक्रार करतात, आणि ठाण्याच्या नोंदींतील प्राधान्यक्रम वेगळाच निघतो. बैठकीला येणारे बहुधा घरमालक व वयस्क. भाडेकरू व तरुण कमी दिसतात.

परिणामांविषयीचा पुरावा संमिश्र आहे. २०१४ च्या एका संकलित अभ्यासात समाधान व पोलिसांविषयीचे मत सुधारलेले, पण गुन्ह्यांवरील परिणाम मर्यादित आढळला. फिलाडेल्फियात २००९ मध्ये निवडक ६० ठिकाणी केलेल्या पायी गस्तीने बारा आठवड्यांनंतर हिंसक गुन्हे तुलनेने २३ टक्क्यांनी घटले; गस्त उठल्यावर हा लाभ टिकला नाही. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपीन्स व युगांडा येथील प्रयोगांच्या २०२१ मधील एकत्रित निष्कर्षात ना विश्वास वाढला, ना गुन्हे घटले. वरिष्ठांच्या वारंवार बदल्या, अपुरी साधने आणि दलातच या कामाला मिळणारे दुय्यम स्थान, ही त्याची कारणे अभ्यासकांनी दिली आहेत.