लोहारकाम, छंदाचे : जुन्या साधनांवरची सुरुवात

पोटापाण्यासाठी नव्हे, तर आवडीपोटी लोखंड तापवून, ठोकून त्याला आकार देण्याचे काम. नवी साधने विकत न घेता जुन्या बाजारातून, भंगाराच्या दुकानातून किंवा बंद पडलेल्या कारखान्यातून ती गोळा करून हा छंद सुरू करण्याची रीत अनेक देशांत रुळलेली आहे. काटकसर हे तिचे एकच कारण नाही. ऐरण, घण, शेगडा (वस्तू घट्ट पकडण्याचे साधन, व्हाइस) ही साधने फार सावकाश झिजतात. पन्नास-साठ वर्षे घाव सोसलेली पोलादी ऐरण आजही बाजारातल्या नव्या, स्वस्त ओतीव ऐरणीपेक्षा सरस ठरते.

महाराष्ट्रात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावा ही त्याची कामे. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. रबरी चाके, ट्रॅक्टर आणि तयार अवजारे आली तसे हे काम आटले. युरोप-अमेरिकेत हीच गोष्ट आधी घडली होती. गावोगावच्या भट्ट्या विझल्या आणि त्यांची साधने कोठारांत धूळ खात पडली. १९७० नंतरच्या दशकात तिकडच्या कलावंतांनी आणि हौशी लोकांनी ती पुन्हा बाहेर काढली. उत्तर अमेरिकेतील कलावंत-लोहारांची संघटना १९७३ मध्ये, तर ब्रिटनमधील १९७८ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे अनेक गावांत भाता अजून चालू आहे. म्हणून इथल्या नवशिक्याने साधनाआधी लोहार शोधावा, त्याची मजुरी देऊन त्याच्या शेजारी चार दिवस बसावे. घाव कधी थांबवायचा हे तिथे नुसते पाहूनही कळते.

ऐरण : खेड्यातली ऐरण बहुधा बिनचोचीची (एका बाजूला निमुळते टोक नसलेली) असते, पोलादाचा चौकोनी ठोकळा, लाकडी ओंडक्यात रोवलेला आणि ओंडका जमिनीत पुरलेला. लोहार तिच्यासमोर बसून काम करतो. चोच असलेली, उभ्याने वापरायची ऐरण इंग्रजी धाटणीची. इंग्लंडमध्ये घडवलेल्या अनेक जुन्या ऐरणींच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात. पहिला ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटचा, दुसरा त्याच्या पावाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. १-२-१० असे दिसले तर ११२, ५६ आणि १० मिळून १७८ पौंड, म्हणजे सुमारे ८१ किलो. हे वाचता आले की काट्यावर न चढवताही वजन समजते.

वजनापेक्षा महत्त्वाची असते उसळी. जुनी ऐरण घ्यायला जाताना खिशात बेअरिंगमधली एक मोठी गोळी ठेवावी. ऐरणीचा माथा पुसून, २५ सेंटिमीटर उंचीवरून गोळी सोडावी आणि ती किती वर येते ते पट्टी धरून पाहावे. साडेसतरा सेंटिमीटर किंवा त्याहून वर आली तर ऐरण चांगली. ओतीव लोखंडाच्या ऐरणीवर तीच गोळी सहसा निम्म्यालाही येत नाही. घावाचा जोर ऐरणच गिळून टाकते आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. ही परीक्षा माथ्यावर चार-पाच ठिकाणी करावी. एखाद्या जागी गोळी मेल्यासारखी पडली, तर तिथे माथ्याची पोलादी पाटी अंगापासून सुटलेली असू शकते. सगळीकडेच मंद पडली, तर ऐरण कधीतरी आगीत सापडून तिचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरले असेल. नुसत्या आवाजावर मात्र विसंबू नये. ओतीव अंगावर पोलादी माथा बसवलेल्या काही अमेरिकी ऐरणी मुळातच मुक्या असतात, पण काम उत्तम देतात.

कडा थोड्या उडालेल्या असल्या म्हणून ऐरण नाकारू नये. कित्येक लोहार कडा मुद्दाम गोलसर करून घेतात. तीक्ष्ण कडेने तापलेल्या लोखंडावर वळ उठतो. माथा आरशासारखा करण्यासाठी वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक. उष्णतेने कठीणपणा जातो, घासण्याने पोलादी थर पातळ होतो, आणि गेलेले परत येत नाही.

ऐरण मिळतच नसेल तर रुळाचा तुकडा चालतो, पण तो आडवा नव्हे, उभा रोवावा. भारतीय रेल्वेचा मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ घेतला, तर ३० सेंटिमीटरचा तुकडा सुमारे साडेपंधरा किलो भरतो. उभा केला की ते सगळे वजन थेट घावाखाली येते; आडव्या रुळात मधली पातळ कंबर लवते आणि घाव वाया जातो. रूळ घेताना पावती मात्र हवीच. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि भंगारवाल्याकडे आलेला प्रत्येक तुकडा लिलावातूनच आला असेल असे नाही.

आणखी एक गोष्ट. चालत्या भट्टीतली ऐरण अडचणीतल्या लोहाराकडून स्वस्तात उचलू नये. खंडेनवमीला, दसऱ्याला जिची पूजा होते आणि जिच्यावर घर चालते, ती वस्तू हौसेसाठी हलवणे बरे नव्हे. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, औद्योगिक वसाहतींच्या कडेची भंगाराची दुकाने यांत शोधणाऱ्याला पुरेसे सापडते.

भट्टी आणि भाता : ट्रकचे निकामी ब्रेक ड्रम हे उत्तम आगटे. तळाला जाळीचा तुकडा, खालून वाऱ्याची नळी आणि नळीला राख पाडण्याचे झाकण एवढ्यावर भागते. वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा जुना पंखा मिळाला तर विजेच्या ब्लोअरपेक्षा तो घ्यावा. हात थांबला की वारा थांबतो, म्हणून कोळसाही कमी जळतो आणि लोखंडही. जळण म्हणून लाकडी कोळसा नवशिक्याला सोयीचा. तो स्वच्छ जळतो, पण ठिणग्या फार उडवतो. दगडी कोळशाचा खंगर (राख वितळून झालेले खडे) मधूनमधून काढावा लागतो. भट्टी बंद खोलीत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जागा उघडी पण सावलीची असावी, कारण भर उन्हात लाल लोखंड काळे दिसते आणि तापमानाचा अंदाज चुकतो.

हातोडा ८०० ग्रॅम ते १ किलोचा पुरे. जुन्या हातोड्याच्या, छिन्नीच्या डोक्याला छत्रीसारख्या कडा फुटल्या असतील तर त्या आधी घासून काढाव्यात. त्यांचे कपचे डोळ्यात जातात. दांडा नवा घालावा. शेगडा लांब पायाचा मिळाला तर भाग्य. त्याचा पाय घाव जमिनीत उतरवतो, ओतीव शेगडा तडकतो. सांडशीची घाई नको. सळई दीड-दोन फूट लांब घेतली की सुरुवातीची बरीच कामे सांडशीवाचून होतात.

कोणते लोखंड : सुरुवात साध्या गोल सळईने करावी. गाडीच्या कमानपट्ट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा थोडा वर असतो, म्हणून छिन्नी, विळ्यासाठी त्या चांगल्या. पण जुन्या पट्टीत न दिसणारी चीर असू शकते. जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि पत्रे भट्टीत घालू नयेत. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्याच्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. सिंथेटिक कपडे वितळून कातडीला चिकटतात. अंगात सुती, पायात चामडी बूट, डोळ्यांवर चष्मा हवा. सर्वाधिक भाजते ते लाल लोखंडाने नव्हे, काळे पडलेल्याने.

पहिले काम : भिंतीचा आकडा (हूक). दहा मिलिमीटरची सळई नारिंगी-पिवळी तापवावी, टोक ऐरणीच्या कडेशी धरून घाव घालावेत, दर घावाला पाव फेरी फिरवावी. टोक आधी चौकोनी निमुळते करायचे, मग अष्टकोनी, शेवटी गोल. एकदम गोल करायला गेले की गाभा फाटतो. लाली मंदावली की ठोकणे थांबवून पुन्हा भट्टीत. पाती करण्याचा मोह मागाहून. शिवाय ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे, घरगुती व शेतीची अवजारे वगळता, शस्त्रविषयक नियमांखाली येतात.

पाणी देणे, म्हणजे पोलाद कठीण करणे : आकड्यानंतर छिन्नी. कमानपट्टीच्या पोलादाची छिन्नी घडवून झाली की टोक तापवत चुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंशांला चुंबक धरेनासा होतो. त्याहून किंचित जास्त तापवून टोक कोमट खाद्यतेलात बुडवावे. हे पोलाद साध्या पाण्यात बुडवले तर ते बऱ्याचदा तडकते. मग टोक घासून चकचकीत करावे आणि मागून हळूहळू ऊब द्यावी. गव्हाळ, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग टोकाकडे सरकत येतात. जांभळा धारेशी पोहोचला की लगेच थंड करायचे. छिन्नी खिळ्यावर मारून पाहावी. धार मुडपली तर मऊ राहिली, कपचा उडाला तर फार कडक झाली. दोन्ही वेळा तीच छिन्नी घासून पुन्हा भट्टीत जाते.